मिनिएचर मॉडेलवर पांढरा रंग गुळगुळीत कसा बसवावा

मिनिएचर, म्हणजे माणसे-प्राणी वगैरेंची छोटी मॉडेल्स, रंगवणाऱ्या अनेकांना पांढऱ्या रंगाची धास्ती असते, आणि तिचे मूळ हाताच्या कौशल्यापेक्षा रंगाच्या घडणीत अधिक आहे. पांढऱ्या ॲक्रिलिक रंगात सहसा टायटॅनियम डायऑक्साइड हे रंगद्रव्य असते. त्याचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून खालचा पृष्ठभाग झाकला जातो. पण थर पातळ झाला की कण विरळ होतात आणि खालचा रंग लगेच डोकावू लागतो. मग रंग झाकत नाही म्हणून तो जाडसर घेण्याचा मोह होतो, ब्रशच्या रेघा उठतात, बारीक कोरीवकाम बुजते आणि वाळलेला भाग खडूसारखा भुरभुरीत दिसू लागतो.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पांढरे दिसायला हवे ते सारे पांढऱ्याने न रंगवणे. पांढऱ्या कापडाकडे नीट पाहिले, तर त्याचा बराचसा भाग फिकट राखाडी असतो आणि खरा शुभ्रपणा फक्त प्रकाश थेट पडतो त्या उंचवट्यांवर असतो. म्हणून मूळ रंग फिकट राखाडी किंवा हस्तिदंती निवडावा आणि बाटलीतला निर्भेळ पांढरा अखेरच्या उजळ कडांसाठी राखून ठेवावा. सुरुवातच निर्भेळ पांढऱ्याने केली, तर पुढे उजळ करायला काहीच उरत नाही आणि आकृती सपाट दिसते. निळसर राखाडीवरून चढत गेल्यास पांढरा थंड व करकरीत वाटतो, तर पिवळसर-तपकिरी छटेवरून गेल्यास उबदार व वापरलेल्या कापडासारखा वाटतो. चिलखताला पहिला आणि लोकरीच्या झग्याला दुसरा मार्ग मला अधिक शोभून दिसतो.

प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी दिला जाणारा तळाचा थर, राखाडी किंवा पांढरा असावा. काळ्या प्रायमरवर पांढरा चढवता येतो, पण त्यासाठी मधल्या राखाडी थरांची गरज पडते आणि ते कष्ट सहसा टाळता येण्याजोगे असतात. स्प्रेचा डबा आधी दोन मिनिटे तरी हलवावा, नळी मॉडेलपासून साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवर धरावी आणि फवारा एका जागी न थांबवता झटपट फिरवावा. अंतर फार वाढले किंवा हवा फार उष्ण असली, तर रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटीसारखा बसतो. त्या खरखरीत तळावर नंतर कितीही काळजीने काम केले, तरी गुळगुळीतपणा येत नाही.

आता प्रत्यक्ष रंगाकडे वळू. पांढऱ्याचे रंगद्रव्य जड असल्यामुळे ते बाटलीच्या तळाशी बसते. बाटलीत स्टेनलेस स्टीलची एक छोटी गोळी टाकली, तर हलवताना ते नीट मिसळते. रंग ओल्या पॅलेटवर, म्हणजे ओल्या स्पंजावर कागद पसरलेल्या पॅलेटवर, घ्यावा, कारण कोरड्या पॅलेटवर तो काही मिनिटांत घट्ट होतो आणि त्याच्या अर्धवट वाळलेल्या गुठळ्या ब्रशवाटे मॉडेलवर जातात. पातळ करताना केवळ पाणी वाढवत जाऊ नये. पाणी जास्त झाले की रंगद्रव्य बाजूला सरकते, थेंबाच्या कडेला जमते आणि वाळल्यावर तिथे वर्तुळाकार डाग उरतो. पाण्याचा काही भाग मॅट मिडियमने (रंगद्रव्य नसलेल्या, चमक न येणाऱ्या ॲक्रिलिक द्रवाने) भरून काढल्यास रंग पातळही होतो आणि एकसंधही राहतो. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहावी: ती फाटत नसेल आणि ओघळतही नसेल, तर रंग तयार आहे.

ब्रश भरल्यावर तो कागदी रुमालावर हलकेच टेकवून जास्तीचा रंग काढावा. ब्रश जिथे उचलला जातो, तिथे सर्वांत जास्त रंग साचतो; झग्याची घडी रंगवताना म्हणूनच खाचेतून सुरुवात करून ब्रश उंचवट्याच्या कडेवर उचलावा, म्हणजे अधिक रंग नेमका तिथेच बसतो. पहिला हात डागाळलेला दिसणारच; त्यामुळे घाबरून त्यावर पुन्हा ब्रश फिरवू नये. अर्धवट वाळलेला थर ब्रशच्या ओढीने सुटतो आणि खरवडल्यासारखा दिसतो. एक हात पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा वेळ अधिक घेतात, पण त्यांना पर्याय नाही. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे उपकरण) असल्यास हेच काम लवकर होते, मात्र तिथेही रंग पातळ आणि थर हलकेच ठेवावे लागतात.

सावलीसाठी गडद वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) संपूर्ण पृष्ठभागावर पसरवणे टाळावे, कारण सपाट भागांवर तो वाळताना मळकट कडा सोडतो आणि त्या झाकण्यात आधीची सारी मेहनत पुन्हा करावी लागते. पातळ केलेला निळसर किंवा तपकिरी राखाडी बारीक ब्रशने फक्त खाचांत सोडावा. ब्रश धुण्याचे पाणीही पांढऱ्यासाठी वेगळे ठेवावे. धातुरंगाची सूक्ष्म चमक पाण्यात मिसळली की ती नेमकी पांढऱ्यावरच दिसते.

थर वाळल्यावर हाताला खरखर लागली, तर अतिशय बारीक पॉलिशपेपरने तो भाग हलकेच घासून त्यावर मूळ रंगाचा पातळ हात द्यावा. शेवटी व्हार्निश पाण्याच्या पायाचे, ॲक्रिलिक आणि मॅट घ्यावे, कारण तेलाच्या पायाचे व्हार्निश काळाबरोबर पिवळे पडते आणि तो पिवळेपणा इतर रंगांवर लपला तरी पांढऱ्यावर लपत नाही.