रोलप्लेइंग गेमचं नियमपुस्तक मराठीत कसं करावं, छापावं आणि विकावं

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून चार-पाच जणांनी मिळून रचलेली गोष्ट. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आणि पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं तिथे फासे पडतात. असा पहिला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन बारक्या पुस्तिका एका खोक्यात, आणि पहिल्या हजार प्रतींची ती खोकी हाताने भरलेली. त्यामुळे हे काम आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून होणार नाही असं अजिबात समजू नका. मी केलेलं पुस्तक ६४ पानांचं आहे: गिरगावातल्या एका चाळीतली मुलं, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि रात्री त्या टाकीतून येणारा आवाज.

हे पुस्तक खेळताना उघडं पडलेलं असणार, चहाच्या कपाशेजारी, चार जण एकदम बोलत असताना. पुढचा प्रत्येक निर्णय घेताना ते टेबल डोळ्यांसमोर ठेवा.

१. आधी फासे ठरवा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला लागणारा वीस बाजूंचा फासा शोधून मागवावा लागतो. ल्युडोचे फासे मात्र बहुतेक घरांत सापडतात, म्हणून पहिल्या खेळाला सहा बाजूंचे दोनच फासे घ्या. दोन फाशांची ३६ दानं होतात. त्यांत बेरीज ७ येण्याचे सहा मार्ग आहेत, १२ येण्याचा एकच. मी १० किंवा जास्त आलं तर काम फत्ते, ७ ते ९ आलं तर काम होतं पण काहीतरी गमवावं लागतं, आणि ६ किंवा कमी आलं तर संकट, असं ठेवलं. हिशेब करून बघा: ६ दानं, १५ दानं, १५ दानं. म्हणजे निखळ यश सहातून एकदाच आणि गोष्ट सतत हलती. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के असते; तिथे असा मधला फुगवटा मिळत नाही.

खेळाची निव्वळ कल्पना कॉपीराइटखाली येत नाही. ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली आहे, ते येतं. त्यामुळे दुसऱ्याची फासे टाकायची पद्धत वापरता येईल, त्याची वाक्यं उचलता येणार नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पायाभूत नियमांचा एक मोठा संच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन तो मजकूरसुद्धा घेता येतो.

२. नियमांची भाषा

इथे घाई करू नका. आपल्याकडे खेळाचे शब्द तयार आहेत: डाव, भिडू, दान, राज्य घेणं. ‘फासे फेकून प्राप्त झालेली बेरीज’ असं कशाला लिहायचं? ‘दान’ म्हटलं की आजीलाही कळतं. एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द ठेवा. पान ५ वर ‘धाडस’ आणि पान ४० वर ‘हिंमत’ लिहिलंत, तर वाचणारा दोन वेगळे गुण समजतो आणि भर खेळात वाद होतो.

दुसरी अडचण खास मराठीची. ‘खेळाडू फासे टाकतो’ लिहिलं की टेबलावरच्या मुली वाक्याबाहेर जातात. ‘टाकतो/टाकते’ असं पानोपानी वाचवत नाही. मी सगळे नियम ‘तुम्ही’ला उद्देशून लिहिले: ‘दान टाका. १० आलं तर तुमचं पात्र निसटतं.’ वाक्यंही आपोआप लहान झाली.

नियमाच्या लगेच खाली खेळातला चार ओळींचा संवाद द्या. १९८३ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या लाल पेटीत तर सुरुवातीलाच एकट्याने खेळायचं छोटं साहस होतं, वाचणारा वाचता वाचता नियम शिकायचा. नव्या माणसाला आत घेण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

३. तुम्ही गप्प बसून चाचणी

मजकुराच्या झेरॉक्स काढा, पिना मारा आणि तुमच्या मित्रमंडळाबाहेरच्या चौघांना द्या. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि एक अक्षर बोलू नका. दादरला आमच्या मावशीच्या घरी अशी बैठक झाली. सूत्रधार झालेली मुलगी कॉलेजात शिकणारी, खेळात अगदी नवी. तिने पान १४ मध्ये अंगठा अडकवून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने जखमेचा नियम शोधत होती. तो पान ३८ वर होता. दोन तासांत ती अकरा वेळा मागेपुढे गेली आणि दर वेळी गोष्ट थांबली. त्या रात्री मी पुस्तकाची रचनाच बदलली. जे नियम एकत्र लागतात ते समोरासमोरच्या दोन पानांवर आणले आणि सगळ्यांत जास्त लागणारा तक्ता शेवटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला छापला. शेवटचं कव्हर उघडलं की तो सापडतो.

४. अक्षरजुळणी आणि छपाई

युनिकोड फाँट घ्या. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फुकट आणि खुल्या परवान्याचा आहे, आणि लहान आकारात तक्त्यांमध्ये नीट वाचता येतो. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये जुळणी करत असाल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. छापखान्याला फाँट आत बसवलेली पीडीएफच द्या. माझ्या पहिल्या प्रुफात छापखान्यात मजकूर जुन्या फाँटमध्ये उतरवून घेतला गेला आणि ‘दुर्ग’, ‘मार्ग’, ‘सर्प’ यांतले सगळे रफार उडाले. छापील प्रूफ हातात घेऊन ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

छपाई फर्म्यांत होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर १६ पानं छापून त्याची घडी घालतात, म्हणून पानं १६च्या पटीत ठेवा. ६४ पानं म्हणजे चार फर्मे, कोरी पानं वाया जात नाहीत. डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, आत ८० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड पुरतं. बाइंडिंगवर मात्र पैसे वाचवू नका. नुसत्या गोंदाचं पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, आपोआप मिटतं. पानं कमी असतील तर सेंटर पिन, जास्त असतील तर फर्म्यांची शिलाई सांगा.

५. पेटी हवी का?

पेटी दिसते देखणी. पण कुरियरवाले आकारमानाचं वजनही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५०००ने भागतात. ३० × २३ × ५ची पेटी आतल्या मालाचं वजन ४०० ग्रॅम असलं तरी ६९० ग्रॅमची धरली जाते. शिवाय पुस्तकावर जीएसटी नाही, पण फासे घातलेला संच ‘खेळ’ या सदरात जाऊ शकतो. पेटीचा विचार असेल तर आधी सीएला विचारा. मी पुस्तक, घडीचा नकाशा आणि पात्रांची माहिती भरायचे कोरे कागद एका जाड पाकिटात दिले.

प्रती पावसाळ्याआधी घरी आणू नका, आणल्याच तर जमिनीपासून वर, प्लास्टिकमध्ये ठेवा. आपल्या हवेत एका बाजूने लॅमिनेट केलेली कव्हरं जुलैत वर वळतात.

६. किंमत आणि विक्री

समजा प्रत ७० रुपयांना पडली आणि किंमत ३५० ठेवली. दुकानदाराने ४० टक्के घेतले की १४० गेले, उरले २१०. छपाई वजा करून १४०. यातूनच चित्रकार, मुद्रितशोधन आणि खराब झालेल्या प्रती भागवायच्या. छपाईच्या खर्चाच्या दुप्पट किंमत लावणाऱ्याच्या हातात दुकानातून विकल्यावर जवळजवळ काहीच राहत नाही. चित्रकाराचे पैसे आधी द्या, विक्रीवर लटकवू नका.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचा अर्ज कव्हर पक्कं होण्याआधी करा.

मराठीत हा खेळ मुळात माहीतच नसलेले वाचक जास्त. ते कव्हर बघून घेत नाहीत, खेळून घेतात. तासाभरात संपणारा एक प्रसंग तयार ठेवा आणि वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत खेळवा. शेवटी प्रती आणि यूपीआयचा क्यूआर कोड त्याच टेबलावर ठेवा. पहिल्या बारा पानांची पीडीएफ फुकट वाटा. पूर्ण पीडीएफ इच डॉट आयओवर विकता येते. तिथे संकेतस्थळाला किती वाटा द्यायचा हे विकणाराच ठरवतो.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत कायद्याने ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांत येतात. टाउन हॉलची प्रत मी स्वतः पायऱ्या चढून दिली. घरी एक प्रत पेन्सिलीसह वेगळी ठेवलीय. खेळताना कुणी अडलं की त्या पानावर खूण करते, आणि दुसरी आवृत्ती तीच प्रत समोर ठेवून जुळवणार आहे.