हलकं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन आलेलं मराठी कुटुंब आमच्याकडे जेवायला येतं, आणि पानं वाढून झाली की आवाज जरा खाली आणून विचारतं, "ताई, तुम्ही रात्री दुकान बंद करून एकट्याच गाडी चालवत येता. तुमच्याकडे आहे ना?" आहे, रिव्हॉल्व्हर. अकरा वर्षं झाली. ह्यूस्टनच्या कडेला आमचं छोटं किराणा दुकान आहे, दिवसाचा गल्ला घेऊन मी रात्री दहाला कुलूप लावते. लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणतं घेऊ? त्याचं उत्तर जेवणाच्या पानावर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी कणकवलीजवळची. आमच्या माळ्यावर ठासणीची बंदूक असायची, रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या कपाटात ठेवलेला. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घरी आणायची. त्या पावतीचा धाक माझ्या अंगात इतका मुरलेला होता, की टेक्सासात एका दुकानात अर्ध्या तासात रिव्हॉल्व्हर हातात पडलं तेव्हा मला धडकीच भरली. तो धाक तुम्हीही सोडू नका. इथे कागद कमी लागतात, पण चुकलेला एकच कागद फार महागात पडतो.

म्हणून मी आधी विचारते, व्हिसा कोणता? एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्याच्या चौकटीत तुम्हाला हत्यार बाळगता येत नाही, काडतूससुद्धा नाही. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद कायद्यात आहे, पण त्याच्या भरवशावर खिशातलं रिव्हॉल्व्हर घ्यायला जाऊ नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आपल्या लोकांची पंचाईत अशी, की ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं जातात. घर झालेलं असतं, मुलं इथेच जन्मलेली असतात, कर भरून भरून माणूस इथलाच झालेला असतो, आणि बंदुकीच्या कायद्यापुरता तो अजून पाहुणाच असतो. "अहो, टेक्सासात तर सगळ्यांना चालतं" असं ऑफिसातला मित्र सांगेल. तो इथला नागरिक आहे, त्याच्यापुरतं ते खरं आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंच्या हातात फोटोसाठी म्हणूनही देऊ नका.

ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, त्यात कार्डावरचा नंबर लिहायचा, आणि दुकानदार केंद्राच्या यंत्रणेत तुमची तपासणी करून घेतो. परवानाधारक दुकानातून रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा चालत असला तरी केंद्राच्या लेखी तो चालत नाही. खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी हे मनावर कोरून ठेवावं: हत्याराच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढ्यावरून तुम्हाला देशाबाहेर काढता येतं. शेजारचा नागरिक ज्या चुकीसाठी दंड भरून सुटेल, तिच्यात तुमचं इथलं घर जाऊ शकतं.

आता हत्याराकडे येऊ.

माझं पहिलं रिव्हॉल्व्हर मी दुकानदाराच्या शब्दावर घेतलं. स्कँडियम मिश्रधातूचं, बारा औंसांच्या आतलं, म्हणजे साधारण ३३० ग्रॅम. "बाईमाणसाला हलकं बरं," असं त्याने मला छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि हातात घेतल्यावर मलाही पटलं. पर्समधल्या चष्म्याच्या डब्यासारखं वाटलं. मग नेमबाजीच्या रेंजवर गेले, पाच काडतुसं भरली. पहिल्या गोळीला अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी मुठीच्या मागच्या कडेवर अशी घासली, की तिसऱ्या गोळीला तिथून रक्त आलं. पाचवी मी डोळे मिटून झाडली. घरी येऊन हळद लावली आणि ते रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवून दिलं. सहा महिने हात लावला नाही. सराव नसलेलं हत्यार जवळ बाळगणं काय असतं ते मी त्या सहा महिन्यांत शिकले. दुकानाच्या मागच्या दाराशी काही खुट्ट झालं की मला माझ्याच पर्सची भीती वाटायची.

यामागचं गणित साधं आहे. काडतूस तेच राहतं, मागे फेकणारा जोरही तेवढाच. तो पेलायला हत्याराचं वजन कमी झालं की उरलेला सगळा तुमच्या मनगटात शिरतो. दुसरी गोष्ट चापाची. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप एका दमात सिलिंडर फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतो. त्यासाठी पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो, आणि हत्यार असतं चारशे ग्रॅमचं. चार बोटांनी धरलेल्या वस्तूला तिच्या दहापटीहून जास्त ओढ एकट्या तर्जनीने द्यायची, म्हणजे नळी खाली किंवा बाजूला झुकणारच. सात यार्डांवरचा कागद मोठा दिसतो, पण सुरुवातीला तोही चुकतो. छोटं हत्यार नवशिक्याला सोपं असा समज आहे. ते नेमकं उलटं आहे.

म्हणून माझं मत असं: सगळ्यात हलकं घेऊ नका. तुम्हाला एका बैठकीत पन्नास गोळ्या न कुरकुरता झाडता येतील, त्यातलं सगळ्यात हलकं घ्या. बहुतेकांसाठी ते ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चौकटीचं, पाच काडतुसांचं, .३८ स्पेशल या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर ठरतं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ आणि त्याचं काळं भावंड ४४२, वजन साधारण १४.४ औंस, म्हणजे ४१० ग्रॅमच्या आसपास, नळी पावणेदोन इंचांहून किंचित मोठी. या घराण्याला जे-फ्रेम म्हणतात, ते १९५० पासून चालत आलं आहे. ६४२ आणि ४४२ मध्ये घोडा आत झाकलेला असतो. खिशातून काढताना कापडात अडकत नाही. दुसरं रुगरचं एलसीआर, २००९ मध्ये आलेलं, अर्धी चौकट पॉलिमरची, .३८ मध्ये १३.५ औंस. त्याचा चाप मला जास्त सलग वाटतो, मध्ये कुठे टोचत नाही. पण हे वाचून ठरवू नका. रेंजवर दोन्ही भाड्याने मिळतात, दोन्हींच्या पंचवीस-पंचवीस झाडा.

.३५७ मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसाच्या मोहात पडू नका. त्याच्या हत्यारात .३८ चालतं हे खरं, पण या वजनात मॅग्नम झाडणं म्हणजे हाताला शिक्षा. शिवाय फार हलक्या रिव्हॉल्व्हरात एक वेगळाच घोटाळा होतो: एक गोळी सुटली की त्या धक्क्याने बाकीच्या काडतुसांतली शिशाची टोकं हळूहळू पुढे सरकतात, सिलिंडर अडकतो, आणि हत्यार तिथल्या तिथे बंद पडतं. आणि टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून उत्पादक काही मॉडेलांवर किती ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) खाली मॅग्नमची गोळी नको ते कोरतात. ते वाचा.

माझ्या मामीच्या बोटांना संधिवात आहे. तिच्यासारख्यांना पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचता येत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर सुचवतात, आणि मग हा जड चापही तिच्याकडून ओढवत नाही. अशांनी .२२ या बारीक काडतुसाचं एलसीआर बघावं. आठ काडतुसं, धक्का जवळजवळ नाही. गोळी लहान, हे मान्य. चापही हलका नाही, तो दुकानात आधी ओढून बघा. ज्यांच्या बोटांत ताकद आहे आणि वेळ काढून शिकायची तयारी आहे, त्यांनी छोट्या पिस्तुलाचाही विचार करावा. त्यात दहा काडतुसं बसतात आणि नेम सोपा लागतो. मला रिव्हॉल्व्हर आवडतं कारण माझ्या डोक्यात त्याचा कारभार स्पष्ट आहे: सिलिंडर उघडला की भरलंय की रिकामं ते दिसतं.

ठेवायचं कुठे, हे बायकांनी खरेदीच्या आधी ठरवावं. पुरुषांना पँटचा पुढचा खिसा असतो. तिथेही खिशातलं होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, हवंच, आणि त्या खिशात किल्ली, नाणी, काही नको. चापाशी किल्ली गेली म्हणजे संपलं. आपल्या कुर्त्याला खिसा नसतो, जीन्सच्या खिशात फोन मावत नाही. मी पोटाशी रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधते, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसह, वर सैल कुर्ता. पर्समध्ये मी आता ठेवत नाही. पर्स आपण सोफ्यावर टाकतो, दुकानाच्या ट्रॉलीत ठेवतो, आणि लहान मूल च्युइंगगमसाठी आधी आईच्या पर्समध्येच हात घालतं. १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे, पण मला त्या कलमाची आठवण लागत नाही, मला माझ्या भाचीचा हात दिसतो. घरात शिरले की पट्टा सोडायच्या आधी रिव्हॉल्व्हर पलंगाला तारेने बांधलेल्या आकड्यांच्या तिजोरीत. घरात कुणी खूप निराश असेल, झोप उडाली असेल, तर हत्यार घरात आणूच नका, असलेलं बाहेर ठेवायची सोय करा. अशा वेळी मदतीसाठी इथल्या ९८८ या क्रमांकावर फोन करता येतो, दिवसा-रात्री.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं. तरी एलटीसी, म्हणजे हत्यार बाळगण्याचा राज्याचा परवाना, काढा. फी ४० डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा, आणि ३, ७ व १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा. २५० पैकी १७५ गुण लागतात. एक कारण केंद्रीय कायद्याचं आहे: शाळेच्या १००० फुटांच्या आत हत्यार नेण्यावर बंदी आहे आणि राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. आपल्या वस्तीत शाळेपासून हजार फुटांत न येता दूध आणायला जाता येतं का, बघा. शाळेच्या इमारतीत मात्र न्यायचंच नाही, आणि मराठी शाळा, गणपती, दिवाळीचा कार्यक्रम बऱ्याचदा भाड्याच्या शाळेतच असतो. पोस्टातही नाही. हत्यार आत आणू नका असं सांगणाऱ्या दारावरच्या ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ या पाट्या ओळखायला शिका. लाल रंगातला ५१ टक्क्यांचा आकडा दिसला तर तो बार आहे, मागे फिरा. एडिसनला मावशीकडे जाताना घरीच ठेवा. न्यू जर्सी टेक्सासचा परवाना मानत नाही.

भारतात जाताना तर पुन्हा पुन्हा बघा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात ६,७३७ हत्यारं सापडली. बहुतेकांचं म्हणणं एकच, विसरलो. आपल्याकडे तर एक सुटं काडतूस बॅगेच्या अस्तरात राहिलं तरी मुंबईच्या विमानतळावर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. जाणूनबुजून आणलं नाही हे पुढे कोर्टात सिद्ध होईलही, पण सुट्टी तिथेच संपते. माझी रेंजची बॅग लाल कापडी आहे. तिच्यात कपडे, खाऊ, मुलांचं सामान कधीच जात नाही, आणि रेंज सोडून ती गॅरेजच्या बाहेर कुठेच जात नाही.

सराव घरी होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडर उघडून दोनदा बघायचा, बोट आत घालून चाचपायचा, गोळी अडवेल अशा भिंतीकडे नळी करायची. (.२२ मध्ये रिकामा घोडा पाडू नका, त्याला नकली काडतुसं लागतात.) मग नळीच्या टोकाशी एक सेंटचं नाणं ठेवायचं आणि ते पडू न देता चाप ओढायचा. पहिल्या आठवड्यात माझं नाणं दर वेळी फरशीवर वाजायचं. खालच्या मजल्यावरून नवरा मोजायचा. दीड महिन्याने एका रात्री वीस वेळा ओढलं आणि एकदाही वाजलं नाही, तेव्हा तो जिना चढून वर बघायला आला.

त्यानंतर महिन्यातून एकदा रेंज. चाळीस-पंचेचाळीस गोळ्या १४८ ग्रेनच्या सपाट तोंडाच्या, ज्यांना वॉडकटर म्हणतात. धक्का कमी, कागदावर भोक गोल आणि स्वच्छ. शेवटच्या पाच मात्र त्याच, ज्या रोज पोटाशी भरलेल्या असतात, म्हणजे त्याही वर्षभर जुन्या होऊन पडून राहत नाहीत.