पुण्याजवळ नदीवर दोघांनी गळ टाकायचा तर

सुट्टीत एखादी सकाळ नदीवर गळ टाकून काढायची असेल, तर शहरातली मुळा-मुठा आधीच बाजूला ठेवा. मासा तिथेही लागतो, पण सांडपाण्यातला मासा खायचा नाही. देहू-आळंदीच्या घाटांवर तर गळ पिशवीतून बाहेरही काढू नका, तिथले मासे भाविकांच्या हातचं खाऊन वाढलेले असतात. राजगुरुनगरच्या वर भीमा, शिरूरकडे घोड, भोरकडे नीरा किंवा भिगवणला उजनी धरणाचा फुगवटा, यांतलं जे मुक्कामाला जवळ पडेल ते धरा.

जागा निवडताना कोल्हापुरी बंधारा शोधा. पावसाळा सरला की त्याला ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवतात आणि वरच्या अंगाला संथ, खोल पाणी साठतं. भिंतीपासून शंभरेक पावलं वर, काठावर झाड असेल तिथे बसा. बंधाऱ्याच्या खाली उतरू नका, पडत्या पाण्याचा भोवरा माणसाला वर येऊ देत नाही. भीमा आणि घोड नदीच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडतं. म्हणून पाण्यात उतरायचंच नाही, सगळं काम काठावरून. धरणातून आवर्तन सुटलंय का, हे गावात विचारून घ्या, कारण कोरड्या दिवसातही पाणी अचानक चढतं. जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असते. सोसायटीच्या माणसाला आधी भेटून परवानगी घ्या, पैसे सांगितले तर द्या. पावसाळा टाळाच: पूर असतो आणि रोहू, कटला, मृगळ यांचा अंडी घालण्याचा तोच काळ असतो.

आता सामान. दुकानात जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि मोठा गळ गळ्यात मारतात, आणि बहुतेक जण रिकाम्या हातांनी परततात ते त्यामुळेच. आपल्याकडे काठावर सर्वांत जास्त लागते ती चिलापी, आणि तिचं तोंड लहान असतं. तिच्यासाठी 8 किंवा 10 नंबरचा गळ आणि 0.25 मिमीचा तंगूस पुरतो. नंबर वाढला की गळ बारीक होतो, हे लक्षात ठेवा. रोहू-मृगळाची आशा असेल तर 6 नंबर आणि 0.30. रॉड 10 ते 12 फुटी, घडीचा, साध्या रीळसह. शिवाय बारीक फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), वजनाला शिशाचे छर्रे, लांब दांड्याची जाळी, पक्कड आणि जुना टॉवेल. गळ बांधताना तंगूस गळाच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून, ओवा, मूळ दोरीभोवती सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत घाला आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळली की घासून तंगूस तापतो, कमजोर होतो आणि नेमका मोठ्या माशाच्या झटक्याला तिथेच तुटतो.

आमिषाला गांडूळ सगळ्यात खात्रीचं, पण ते हाताळायला दोघांपैकी एक जण हमखास नाक मुरडतो. मग कणीक. दोन वाट्या गव्हाची कणीक, एक वाटी शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा, चिमूटभर हिंग, आणि पिंजलेल्या कापसाचे थोडे धागे. पाणी चमच्याचमच्याने घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात ठेवा. कापसाशिवाय कणीक दोन-तीन मिनिटांत विरघळते आणि आपण रिकाम्या गळाकडे पाहत बसतो. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतकीच. गळ टाकायच्या पंधरा मिनिटं आधी तांदळाचा कोंडा, पेंड आणि मातीचे लिंबाएवढे चार-पाच गोळे एकाच जागी टाका. नंतर दर अर्ध्या तासाने एकच. जास्त टाकलं की मासे पोट भरून निघून जातात.

सगळ्यात मोठी चूक खोलीत होते, म्हणून इथे घाई नको. छर्रे गळापासून वीतभर वर दोरीवर चिमटून बसवा आणि फ्लोट अंदाजाने सरकवून आमिषाशिवाय टाका. फ्लोट आडवा लोळला तर दोरी जास्त झाली, छर्रे तळावर टेकलेत. उभा राहिला तर छर्रे अधांतरी लटकताहेत. फ्लोट थोडाथोडा वर-खाली सरकवून, तो आडवा व्हायचा थांबतो ती जागा शोधा, तीच तळाची खोली. मृगळ तळाशी चरतो, म्हणून त्याच्यासाठी गळ तळाला टेकता ठेवा. रोहू मधल्या पाण्यात असतो, त्याच्यासाठी फूट-दीड फूट वर घ्या. कटला वरच्या थरातला. ऊन चढलं की मासे खोलात सरकतात, तेव्हा पुन्हा मोजावं लागतं.

चिलापी फ्लोटला सारखी टकटक करते. तेव्हा ओढू नका, फ्लोट तिरका पाण्याखाली जाऊ लागला की मनगटाने छोटा हिसका द्या. मृगळ आमिष उचलतो तेव्हा छऱ्यांचं वजन सुटतं आणि उभा फ्लोट वर येऊन आडवा पडतो. नवखे याला वारा समजतात. मोठा मासा लागला तर रीळचा ड्रॅग (दोरी सुटू न देणारा ब्रेक) सैल ठेवा, रॉड उंच धरा आणि त्याला दमू द्या. जाळी दुसऱ्याने धरायची, पाण्यात आधी बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर ओढून आणायचा. माशाच्या मागे जाळी मारली की तो हमखास सुटतो.

दोघांच्या रॉडमध्ये निदान पंधरा फूट अंतर हवं, आणि टाकताना मागे पाहूनच टाका. हिवाळ्यात ऊन अंगावर येईपर्यंत मासा सुस्त असतो, चहा पिऊन निवांत आठला निघालात तरी चालतं. उन्हाळ्यात मात्र उजाडतानाच बसा, नऊनंतर सगळं थंडावतं.

शिंगटा लागला तर उघड्या हाताने धरू नका, त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा खोल रुततो. टॉवेलने दाबा, गळ पकडीने सोडवा, नाहीच सुटला तर दोरी कापा. मरळीभोवती तांबूस पिलांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका, मरळ ती पिलं राखत असते. अर्ध्या किलोच्या आतला रोहू आणि कुठलाही महसीर ओल्या हाताने परत सोडा. चिलापी ठेवायला हरकत नाही.

ठेवलेल्या माशाचे कल्ले आणि आतडी लगेच काढून बर्फात ठेवा, उन्हात तासाभरातच पोट मऊ पडतं. तोडलेला तंगूस तिथे टाकू नका, पाणपक्ष्यांच्या पायात अडकतो. चिलापीला खवले काढून आडव्या चिरा द्या, मीठ-हळद-तिखट लावून अर्धा तास ठेवा आणि रव्यात घोळवून मंद आचेवर तळा. मोठी आच केली तर बाहेरून करपते आणि काट्याजवळ कच्ची राहते.