वस्तीत साथ आली, तर तिचा माग कसा काढावा

एखाद्या वस्तीत थोड्या दिवसांत एकाच तऱ्हेचे अनेक रुग्ण दिसू लागले, की लोक विचारतात, "हे आले कुठून?" या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात: रोगजंतू मुळात कोठे निर्माण झाला, आणि आपल्या गल्लीत तो कोणत्या वाटेने शिरला. २००९ साली मेक्सिकोतून जगभर गेलेल्या एच१एन१ इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे मूळ डुकरांमध्ये होते; परंतु त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला, तेव्हा शहरात तो डुकरांमुळे पसरत नव्हता, तर माणसाच्या खोकल्या-शिंकांतून माणसाकडे जात होता. उगमाचा शोध हे प्रयोगशाळांचे काम आहे आणि त्याला बराच काळ लागतो. वाटेचा शोध मात्र सोसायटीचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, आशा सेविका किंवा मंडळाचे कार्यकर्ते पहिल्याच दिवसांत सुरू करू शकतात, आणि पुढचे रुग्ण वाचवायचे असतील तर तो आधी व्हायला हवा.

सर्वप्रथम महापालिकेच्या आपल्या क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य विभागाला, आणि गाव हद्दीबाहेर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला, कळवावे. पुरावा पूर्ण होण्याची वाट पाहू नये. नोंदी ठेवण्याचे काम त्यानंतरही चालू ठेवता येते.

नोंदी सुरू करण्यापूर्वी "रुग्ण" कोणाला म्हणायचे, हे एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणार्थ, "१ तारखेनंतर आपल्या तीन इमारतींतील ज्या व्यक्तीला एका दिवसात तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झाले ती व्यक्ती." असे बंधन घातले नाही, तर कोणाचे अपचन, कोणाचा जुना आजार आणि कोणाची नुसती भीती असे सगळे एकाच यादीत येते आणि यादीचा उपयोग उरत नाही. यादीत वय, लिंग, लक्षण सुरू झाल्याची तारीख, घर किंवा विंग, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, मागील आठवड्यातील समारंभ व बाहेरचे जेवण, तसेच प्रवास एवढे रकाने पुरेसे आहेत. रुग्ण दवाखान्यात गेला ती तारीख घेऊ नये, लक्षण सुरू झाले ती घ्यावी. या दोहोंत कधीकधी चार-पाच दिवसांचे अंतर असते आणि सगळे गणित त्यामुळे बिघडते.

मग चौकटीच्या वहीत आडव्या रेषेवर तारखा मांडून प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या तारखेवर एक चौकोन भरावा. एकाच दूषित जेवणामुळे किंवा एका दिवसाच्या दूषित पाण्यामुळे झालेली साथ एकदम चढते आणि थोड्या दिवसांत उतरते. माणसाकडून माणसाकडे जाणारा रोग लाटांनी वाढत जातो. डेंग्यूसारखा डासांमार्फत येणारा रोग आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. संसर्ग कधी झाला ते काढण्यासाठी चढाच्या टोकापासून मागे मोजायचे किती, ते रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर अवलंबून असते. पटकीत (कॉलऱ्यात) तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, डेंग्यूत साधारण ४ ते १० दिवस, तर हिपॅटायटिस ए या काविळीत १५ ते ५० दिवस असतो. त्यामुळे काविळीची साथ दिसल्यावर आजचे पाणी तपासून थांबणे चुकीचे ठरते. महिन्यापूर्वी जलवाहिनी कोठे फुटली होती, टाकी कधी धुतली होती, टँकर कोठून आला होता, हे विचारले पाहिजे.

तारखांनंतर नकाशा. वस्तीचा साधा आराखडा काढून रुग्णांच्या घरांवर ठिपके द्यावेत आणि त्याच कागदावर विहिरी, बोअर, टाक्या, गटारे, व्हॉल्व्हच्या जागा दाखवाव्यात. ठिपक्यांचा पुंजका दिसला की लगेच निष्कर्षावर उडी मारण्याचा मोह होतो आणि बहुतेक हौशी शोध येथेच फसतात. पुंजका हा संशय असतो, पुरावा नसतो. पुरावा मिळतो तो आजारी न पडलेल्यांकडून. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी हेच केले. त्या रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपाशेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार जवळपास सुरक्षित राहिले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. दूर राहणारी एक वृद्धा मात्र दगावली, कारण ती मुद्दाम त्याच पंपाचे पाणी मागवून पीत असे. पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात शोधून दाखवला तो १८८४ साली, म्हणजे जंतू सर्वमान्य होण्याच्या तीस वर्षे आधी स्नो यांना वाट सापडली होती.

आपल्या वस्तीतही हीच तुलना करावी. समजा बोअरचे पाणी पिणाऱ्या ६० जणांपैकी १८ आजारी पडले आणि महापालिकेच्या नळाचे पाणी पिणाऱ्या ५५ जणांपैकी दोघे, तर पहिल्या गटात शंभरी ३० आणि दुसऱ्या गटात चाराहूनही कमी असे प्रमाण येते. केवळ "१८ जण बोअरचे पाणी पीत होते" एवढे सांगण्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण कदाचित सगळी वस्तीच ते पाणी पीत असेल.

पाण्याचा संशय असल्यास आरोग्य निरीक्षकांकडून ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करून घ्यावी. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर नमुन्याला पिवळा रंग येतो. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. जंतूंच्या तपासणीसाठीचा नमुना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्यापूर्वी घेतला जाईल याची काळजी घ्यावी, आणि अहवाल येईपर्यंत सर्वांनी पाणी खळखळून उकळूनच प्यावे.

कधी दिसणारा आजार आणि पसरणारा आजार वेगवेगळे असतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढले. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, तेव्हा तो होतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला, म्हणून तपास पाण्याकडे वळला. अशा वेळी हातापायांतील अशक्ततेची तारीख पुरेशी नसते. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते का, कधी झाले, हे विचारावेच लागते.

उगमाच्या शोधातही सामान्य माणसाचा एक मोलाचा वाटा असतो, तो म्हणजे प्राण्यांकडे लक्ष ठेवण्याचा. माणसांत नव्याने आलेले बरेच घातक रोग प्राण्यांकडून आलेले आहेत. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावकऱ्यांना जीवघेणा ताप येऊ लागला. पुण्यातील तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा गोचिडींतून पसरणारा विषाणू शोधला. हाच माकडताप पुढे सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही आढळला. म्हणून माकडे, वटवाघळे, कोंबड्या किंवा उंदीर एकाएकी मोठ्या संख्येने मेलेले दिसले, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

उंदरांचा उल्लेख झाला की पुणेकराला प्लेग आठवल्यावाचून राहत नाही. हाँगकाँगमध्ये १८९४ साली भडकलेली साथ १८९६ मध्ये मुंबईत आणि तेथून पुण्यात आली. उंदीर पडू लागले की घर सोडावे, एवढे लोक अनुभवाने शिकले. पण उंदरावरील पिसवा जंतू वाहून नेतात, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. त्याआधी १८९७ साली पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरे उघडून झडत्या घेतल्या आणि सामान जाळले. वाट माहीत नव्हती आणि जबरदस्ती मात्र होती. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी वारल्या. रोग्याजवळ जाणारा माणूस आणि रोग्याला धाक घालणारा माणूस, यांतल्या कोणाला लोक खरी माहिती सांगतील, हे नोंदी घेणाऱ्याने ओळखून असावे. यादीतील नावे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, रुग्णाच्या दारावर खुणा करू नयेत, परगावाहून आलेल्या कामगारांवर किंवा एखाद्या समाजावर बोट ठेवू नये. यादी फक्त आरोग्य विभागाकडे द्यावी. तेथे नाव-पत्ता हवाच असतो.

शेवटचा रुग्ण बरा झाला म्हणून वही मिटू नये. त्या रोगाच्या सर्वांत मोठ्या अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस नवा रुग्ण आढळला नाही, म्हणजे पटकीत दहा, डेंग्यूत वीस आणि हिपॅटायटिस एमध्ये शंभर दिवस, तरच साथ ओसरली असे धरावे, आणि तोपर्यंत घरोघरची विचारपूस व पाण्याची चाचणी चालू ठेवावी.