मोठ्या क्रूझवर केबिन घ्यायच्या आधी डेक प्लॅन कसा बघायचा

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईबाबांना नायगारा दाखवून झाला की पुढचा नंबर फ्लोरिडाच्या क्रूझचा लागतो, आणि मग सगळे एकच प्रश्न विचारतात, बाल्कनी घेऊ का इनसाइड (बिनखिडकीची)? माझं म्हणणं, हा प्रश्न नंतरचा. आधी त्या जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा (डेकचा) नकाशा उघडा, कंपनीच्या साइटवर फुकट असतो. फ्लॅट घेताना आपण वर गच्ची आहे का, खाली हॉल आहे का, शेजारी लिफ्ट आहे का हे बघतोच ना, तसंच इथे बघायचं, कारण त्याच पैशात एकाला शांत झोप मिळते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पहाटेपासून खुर्च्या सरकत असतात.

उदाहरण म्हणून रॉयल कॅरिबियन कंपनीची ओएसिस क्लासची जहाजं घेतो. पहिलं ओएसिस ऑफ द सीज २००९ साली फिनलंडमधल्या तुर्कूला बांधून झालं, आणि मग त्याच घाटाची अल्यूर, हार्मनी, सिंफनी, वंडर, युटोपिया अशी भावंडं आली. लांबी साधारण ३६० मीटर, एका केबिनला दोन माणसं धरली तरी साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी, वर दोन हजारांहून जास्त कर्मचारी. हे २ लाख टनांच्या वरचं जहाज असं वाचलं की लोकांना ते वजन वाटतं, पण ग्रॉस टनेज हे वजन नाहीच, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. उंची इतकी की फिनलंडहून बाहेर पडताना डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जायला धुराडी आत ओढून घ्यावी लागली, तशी सोयच केलेली आहे.

आता मुख्य गंमत. जुन्या जहाजावर मधला भाग भरीव असायचा, म्हणजे बाहेरच्या बाजूला खिडक्या आणि आत बिनखिडकीच्या खोल्या. इथे वरचा भाग मधोमध उभा चिरलाय, दोन्ही बाजूंना केबिनच्या उंच रांगा आणि मध्ये उघडं आकाश. त्या मधल्या जागेत ८व्या डेकवर सेंट्रल पार्क, तिथे लहानमोठी मिळून खरीखुरी बारा हजारांवर झाडंरोपं आहेत, आणि मागच्या टोकाला ६व्या डेकवर बोर्डवॉक, तिथे लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा आणि टोकाला पाण्यातल्या कसरतींच्या शोचं अ‍ॅक्वाथिएटर. त्यामुळे बाल्कनी म्हटली की समुद्रच दिसेल असं अजिबात नाही, बुकिंग करताना नीट वाचा, "सेंट्रल पार्क व्ह्यू" लिहिलं असेल तर समोर झाडं आणि पलीकडच्यांची बाल्कनी दिसणार. ही केबिन शांत असते आणि समुद्राकडच्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडते, फक्त पडदा ओढायची सवय ठेवा, समोरचा पण बघत असतो. बोर्डवॉक व्ह्यूला मागच्या बाजूने समुद्राचा तुकडा दिसतो पण रात्री शो असला की आवाज येतो, लहान मुलं लवकर झोपवायची असतील तर मी घेणार नाही.

मग वरखाली बघा. पूल डेक १५ वर आहे, त्याच्या बरोबर खाली १४वा (१३ नंबर नाहीच, १२ नंतर एकदम १४). १४वर घेतलंत तर आराम खुर्च्या ओढल्याचा आवाज ठरलेला. त्यापेक्षा ज्या केबिनच्या वर पण केबिन आणि खाली पण केबिन ती घ्या, मग ती इनसाइड का असेना. कोणाला गाडी लागत असेल, म्हणजे बस लागणारी माणसं घरात असतील, तर जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, पुढच्या आणि मागच्या टोकाला डोलणं जास्त जाणवतं. तसं एवढ्या मोठ्या जहाजाला बाजूने पंखासारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे शांत समुद्रात आपण चाललोय हे कळत पण नाही. याला नेहमीचं सुकाणू नाहीये, खाली तीन फिरते विजेचे पॉड, म्हणजे मोटरसकट पंखे असतात आणि पुढे आडवा जोर लावणारे चार थ्रस्टर, म्हणून हे धूड धक्क्याला कडेकडेने सरकत लागतं, ते वरच्या डेकवरून बघाच.

गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर अजून एक गोष्ट. लिफ्टचे दोन मोठे गट आहेत, एक पुढे एक मागे. थिएटर पुढे ४थ्या डेकवर, जेवणाचे मोठे हॉल मागे, बुफे १६वर. म्हणजे जेवून शोला जायचं तर जहाजभर चालणं आलंच, तेव्हा निदान केबिन तरी लिफ्टपासून जवळ घ्या, पण अगदी चिकटून नको, तिथे रात्रभर लोकांच्या गप्पा. ५व्या डेकवरच्या प्रोमेनेडमधून (दुकानांची लांब गल्ली) सेंट्रल पार्कला जायला रायझिंग टाइड नावाचा बार आहे, तो अख्खा बार बसलेल्या माणसांसकट तीन डेक वर जातो, हळूहळू जातो, घाई असेल तर लिफ्टच बरी.

केबिनमध्ये पोचल्यावर: भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे घरून चुंबकाचे हुक न्या, टोप्या, ओले कपडे, आईची पर्स, सगळं लटकवता येतं. केटल, इस्त्री, राइस कुकर नेऊ नका, सिक्युरिटीला सापडलं की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. चिवडा वगैरे पॅकबंद चालतो, पण बंदरावर उतरताना खायचं काही बाहेर न्यायच्या भानगडीत पडू नका.

जेवणाचं पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला सांगा, शाकाहारी आहोत, कांदा लसूण नको, अंडं नको, जे असेल ते स्पष्ट. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर देशाचं नाव असतं, इंडिया दिसलं तर बोलून बघा, गोव्याचे आणि मुंबईचे बरेच जण या धंद्यात आहेत, आणि किचनमधून काय करून मिळतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

अ‍ॅक्वाथिएटर आणि आइस शोची जागा अ‍ॅपवर आधीच बुक करा, ऐनवेळी रांगेत उभं राहावं लागतं. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, टाळू नका, हल्ली अ‍ॅपवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या स्टेशनवर जाऊन हजेरी लावायची, दहा मिनिटांचं काम. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया आडवी झाली, ३२ माणसं गेली, त्या जहाजावरचे काही प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते आणि त्यांचं ड्रिलच झालं नव्हतं. तेव्हापासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ते करणं सक्तीचं झालंय.

फोन चढल्या चढल्या एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघून घाम फुटतो. आईबाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे तिकीट काढायच्या आधी तपासा, बहामाज हा वेगळा देश, तिथे जाऊन परतताना अमेरिकेत पुन्हा एंट्री होते. आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट सकाळी बंदरावरच भेटतात, तेव्हा औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून घ्या.