दूरच्या संगणकावर टर्मिनलचा आकार जुळवणे

एसएसएचने (जाळ्यावरून दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन करताना आपल्या टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या, खिडकीतील ओळी आणि स्तंभ यांची संख्या दूरच्या संगणकाला आपोआप कळवली जाते, आणि खिडकी लहान-मोठी केली की नवा आकारही लगेच जातो. तरीही लांबलचक कमांड टाइप करताना मजकूर खालच्या ओळीवर न उतरता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढू लागला, तर प्रथम 'एसटीटीवाय साइझ' (stty size) ही टर्मिनलचा नोंदलेला आकार दाखवणारी कमांड चालवून पाहावे. '२४ ८०' या उत्तरातील पहिला आकडा ओळींचा, दुसरा स्तंभांचा असतो. सिरियल कन्सोलवर (सिरियल तारेने थेट जोडलेल्या टर्मिनलवर) आकार कळवण्याची सोयच नसल्यामुळे तेथे 'stty rows 40 cols 120' (४० ओळी, १२० स्तंभ) अशा रीतीने खिडकीचे खरे आकडे स्वतः द्यावे लागतात. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रामसोबत येणारी 'रिसाइझ' (resize) कमांड उपलब्ध असल्यास तीच वापरणे उत्तम, कारण ती टर्मिनललाच आकार विचारून घेते.