शुगरवाल्यांनो, चालायला निघताना या चुका टाळा

आमच्या सकाळच्या ग्रुपात नवीन शुगरवाला आला की मी आधी विचारतो, गोळी कोणती चालू आहे? भोचक म्हणतात मला. म्हणू देत.

दोन वर्षांपूर्वी असाच एक हौशी गडी आला. ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर खाली आणणारी गोळी, नुकतीच सुरू झालेली. पहाटे गोळी घेतली, नाश्ता ‘आल्यावर बघू’ आणि निघाला आमच्याबरोबर पर्वती चढायला. १०३ पायऱ्या, त्याही शर्यत लावल्यासारख्या. वर पोचला तर दरदरून घाम, हात लटलटतायत, बोलण्याचा धड मेळ नाही. ‘दमलाय हो, पाणी द्या,’ सगळे म्हणाले. मी साखर मोजायचा मीटर लावला. ५४! म्हणजे साखर पार खाली. खिशात गोड काही आहे का विचारलं, तर पठ्ठ्यानं गोळ्यांचं पाकीट काढलं. शुगर-फ्री! माझ्या डबीतली तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा तपासलं, सत्तरच्या वर गेल्यावरच खाली उतरवलं.

चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढतात. त्यात ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. वर पोट रिकामं. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे शुगरच्या त्या दुसऱ्या गोळीवर, असाल तर साखर अशी घसरायची भीती फार कमी. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर निघण्याआधी तपासा. मी इन्सुलिनवाला, नव्वदच्या खाली दिसलं की अर्धं केळं खाऊनच बाहेर पडतो. डोस मात्र मनानं कमी करू नका, ते डॉक्टरांचं काम.

दुसरे रविवारचे वीर. सहा दिवस खुर्ची, सातव्या दिवशी दहा किलोमीटर आणि सोमवारी गुडघ्याला शेक. व्यायामानं इन्सुलिन नीट लागू पडतं ते एखाद-दोन दिवसच, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. आठवड्याला १५० मिनिटं, रोज थोडी थोडी.

स्लिपर घालून चालू नका. शुगरमुळे बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. रात्री तळवे बघा.

साखर अडीचशेच्या वर आणि अंगात कणकण, तर त्या दिवशी घरीच बसा.

फिरून आल्यावर मिसळ-जिलबी? मग फिरलात कशाला!

पंधरा दिवसांत एचबीएवनसीची रक्ततपासणी करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. ती दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते हो.

तो गडी अजून येतो. खिशात साखरेची पुडी असते. परवा उघडायला लावली, तर आत मुंग्या.